परवडणाऱ्या घराचा हिशेब आणि नागरिकांचे मंडळ

मुंबईत घराची किंमत केवळ मागणी आणि पुरवठा यांवर ठरत नाही. कोणत्या जमिनीवर निवासी बांधकाम करता येईल, तेथे चटई क्षेत्र निर्देशांक किती असेल, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकामाला परवानगी मिळेल, पुनर्विकासात जुन्या रहिवाशाच्या वाट्याला किती चौरस फूट येतील आणि त्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी किती क्षेत्र सुटेल, हे सारे महापालिका, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि राज्याचे नगरविकास व गृहनिर्माण विभाग ठरवतात, आणि या निर्णयांची गोळाबेरीज अखेर एखाद्या कुटुंबाच्या मासिक हप्त्यात उतरते. तो हप्ता भरणाऱ्या माणसाला या प्रक्रियेत केव्हा विचारले जाते, या प्रश्नातून नागरिक सल्लागार मंडळाची कल्पना पुढे येते. असे मंडळ म्हणजे शहरातील घरे कोणाला परवडतात आणि कोणाला नाही याचा सातत्याने अभ्यास करणारी, भाडेकरू, वस्तीतील रहिवासी आणि नोकरदार यांचा समावेश असलेली, निर्णयाचा अधिकार नसला तरी निर्णयापूर्वी जिचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे अशी स्थायी संस्था. मुंबईत या कल्पनेचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत आणि त्या तुकड्यांशी झगडत काम केलेल्या कार्यकर्त्यांचा, नगररचनाकारांचा व वस्तीतील समित्यांचा अनुभव तीन दशकांहून अधिक काळाचा आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आणि मुंबईच्या महापालिका कायद्यात त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आली. पुढे २००९ मध्ये, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेची अट म्हणून, राज्याने क्षेत्र सभांचीही तरतूद केली. क्षेत्र सभा म्हणजे काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील सर्व मतदारांची सभा, गावातील ग्रामसभेचे शहरी रूप. प्रभाग समित्या स्थापन झाल्या, क्षेत्र सभा मात्र कागदावरच राहिल्या. प्रभाग समितीत काम केलेल्यांचा अनुभव असा की तेथे गटारे, रस्ते, कचरा आणि पाणी यांवर बोलता येते, परंतु घरांचा विषय निघताच तो म्हाडाचा, प्राधिकरणाचा किंवा मंत्रालयाचा ठरतो आणि चर्चा तेथेच थांबते. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा नगरसेवकांच्या अस्तित्वावर अवलंबून असलेल्या या समित्याही थंडावल्या. लोकप्रतिनिधींच्या मुदतीला बांधलेली सल्लागार यंत्रणा त्यांच्याबरोबर मावळते, ही गोष्ट मंडळाची रचना करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

लोकांचे म्हणणे ऐकण्याची दुसरी वाट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधून जाते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांनी हरकती व सूचना द्यायच्या आणि स्थायी समितीचे तीन सदस्य व नगररचना संचालकांनी नेमलेले कमाल चार जाणकार यांच्या नियोजन समितीने त्या ऐकून अहवाल द्यायचा, अशी ती व्यवस्था आहे. मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्याच्या वेळी या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दिसली. मसुद्याच्या आधी तयार झालेल्या विद्यमान भूवापराच्या नकाशांत कोळीवाडे, गावठाणे आणि अनेक वस्त्या नीट दाखवलेल्या नाहीत, हे हमारा शहर मुंबई अभियानासारख्या गटांनी गल्लोगल्ली फिरून, नकाशाची प्रत हातात घेऊन, प्रत्यक्ष जागेशी ताडून दाखवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो रद्द करून नव्याने करण्याचे आदेश मुख्यमंत्र्यांनी दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि अंतिम आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

एवढ्या मोठ्या संख्येने लोक बोलले आणि शासनाला मसुदा मागे घ्यावा लागला, हे या शहराच्या नागरी इतिहासातील मोलाचे यश आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सुनावणीच्या दालनाबाहेर थांबलेल्या माणसांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. हरकत देणाऱ्याला ठरावीक वेळ दिली जाते, त्याच्या हातात पोचपावती आणि नकाशाची छायाप्रत असते, दालनात नकाशांच्या गुंडाळ्या टेबलावर पसरलेल्या असतात, आणि त्याला बहुधा आपल्या एका भूखंडावरील आरक्षणाविषयी, आपल्या गल्लीतील रस्तारुंदीविषयी बोलण्याचीच मुभा मिळते. शहरात दहा लाख परवडणारी घरे बांधण्यासाठी ना-विकास क्षेत्र खुले करण्याचा जो मोठा निर्णय या आराखड्यात झाला, त्यातील घर कोणत्या उत्पन्नाच्या माणसाला परवडणार, या प्रश्नावर एकेकट्या हरकतदाराला काही मांडताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारे आकडे त्याच्याजवळ नसतात आणि आकडे गोळा करणारी, ते वर्षानुवर्षे सांभाळणारी संस्था अस्तित्वात नसते. वीस वर्षांतून एकदा लोकांना विचारणे आणि दरवर्षी विचारणे यांत जो फरक आहे, तोच हरकत-सुनावणी आणि सल्लागार मंडळ यांतील फरक आहे.

तज्ज्ञांची समिती नागरिकांच्या मंडळाला पर्याय ठरू शकत नाही, हे गिरणगावाने दाखवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मध्य मुंबईतील विस्तीर्ण जमिनीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करणारा आराखडा सुचवला, तोही मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या आधारे. तो स्वीकारला गेला नाही. २००१ मध्ये नियमात बदल होऊन वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, त्यामुळे शेड आणि चिमण्या उभ्या असलेली जमीन वाटणीतून सुटली आणि घरांसाठी मिळणारा हिस्सा आक्रसला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बदललेल्या नियमाचा हा अर्थ अमान्य केला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. दरम्यान दत्ता इस्वलकर यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली बंद गिरणी कामगारांनी घरांची मागणी लावून धरली आणि त्यातूनच म्हाडामार्फत कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या, त्यांपैकी पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये झाली. अर्जदार सुमारे दीड लाख होते आणि घरे त्याच्या एका लहान अंशाइतकी. नियमातील दोन-चार शब्दांचा बदल किती चौरस मीटर घरे खाऊन टाकणार आहे, हे तो बदल होण्याआधी जाहीरपणे मोजून सांगणारी, कामगारांचा विश्वास असलेली संस्था त्या वेळी असती, तर न्यायालयापर्यंत जाण्याआधीच त्या बदलाला लोकांच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.

वस्तीच्या पातळीवर नागरिकांचा सहभाग याहून अधिक दाट आणि अधिक वेदनादायी आहे. डिसेंबर १९९५ मध्ये, अफझुलपूरकर समितीच्या अहवालानंतर, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि रहिवाशांच्या संमतीने, विकासकाच्या पैशाने, विक्रीच्या इमारतीतून खर्च वसूल करून मोफत पुनर्वसन करण्याची पद्धत रूढ झाली. संमतीचे प्रमाण पूर्वी ७० टक्के होते, नंतर ते ५१ टक्क्यांवर आणले गेले. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत वाढत गेले. या योजनेत रहिवाशाचे भवितव्य ज्या कागदावर ठरते त्याला वस्तीत सारे जण परिशिष्ट दोन म्हणतात. ती पात्र आणि अपात्र रहिवाशांची यादी असते. ती वस्तीत लावली की माणसे भिंतीशी गर्दी करतात, चष्मा नसलेली म्हातारी शेजारच्या मुलाला नाव शोधायला सांगते, कोणाच्या नावापुढे अपात्र असा शेरा असतो तर कोणाच्या पुढे पुरावा अपुरा असा, आणि मग शिधापत्रिका, जुन्या मतदार यादीचा उतारा, वीजबिल, फोटोपास अशा प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या कागदांची जुळवाजुळव सुरू होते. अनेक वर्षे भाड्याने राहिलेले कुटुंब या यादीत बहुतेक वेळा नसतेच. त्या वस्तीत सर्वांत कमी उत्पन्न असलेले, घराची सर्वाधिक गरज असलेले लोक असे सहभागाच्या पहिल्याच पायरीवर गळतात.

या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती अशी की संमती घेणे आणि सल्ला घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संमतीपत्रावर सही करताना रहिवाशाला होय किंवा नाही एवढेच म्हणता येते. संक्रमण शिबिराचे किंवा भाड्याच्या धनादेशाचे वेळापत्रक काय, इमारत झाल्यावर उद्वाहन व पंप यांची देखभाल आणि मालमत्ता कर यांचा खर्च दरमहा किती येईल, तो उचलण्यासाठी ठेवायचा निधी पुरेल का, हे प्रश्न त्या कागदावर नसतात. उंच इमारतीत गेल्यावर देखभालीचा खर्च न पेलून घर विकून किंवा भाड्याने देऊन पुन्हा दूरच्या वस्तीत जाणारी कुटुंबे कार्यकर्त्यांना नेहमी भेटतात. फुकट मिळालेले घरही परवडत नाही, हा अनुभव परवडण्याच्या प्रचलित व्याख्येलाच अपुरा ठरवतो.

म्हणूनच अशा मंडळाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आपल्या शहरापुरता परवडण्याचा हिशेब मांडणे. २००८ मध्ये दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कृती गटाने अल्प उत्पन्न गटांसाठी घराची किंमत वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या चौपटीपर्यंत आणि हप्ता किंवा भाडे मासिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असावे, असा दंडक सुचवला. २०२२ पासून म्हाडाच्या मुंबई क्षेत्रात वार्षिक सहा लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न अत्यल्प उत्पन्न गटात धरले जाते. म्हणजे मासिक ५० हजार उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १५ हजार रुपयांचा हप्ता झेपेल. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाखाच्या कर्जाला महिन्याला सुमारे ९०० रुपये पडतात, त्यामुळे या कुटुंबाला साडेसोळा लाखांच्या आसपास कर्ज मिळू शकते. २०२३ च्या म्हाडाच्या मुंबई सोडतीत, जिच्यात ४,०८२ घरे होती, गोरेगावच्या पहाडी भागातील याच गटासाठीच्या घरांची किंमत सुमारे ३० लाख रुपये होती. बाजारभावाच्या तुलनेत ती किंमत नक्कीच कमी होती आणि अशा घरांची नितांत गरज आहे. पण कर्ज आणि किंमत यांतील तेरा-चौदा लाखांची तफावत हे कुटुंब कोठून भरून काढणार? गावाकडची जमीन विकून, दागिने मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन ती भरली जाते, आणि ज्याच्याकडे यांतले काहीच नाही तो सोडतीचा अर्जच भरत नाही. अर्ज न भरणाऱ्यांची गणती कोणत्याही खात्याच्या अहवालात होत नाही. ती करणे हे मंडळाचे काम आहे.

या हिशेबात घराच्या जागेचाही समावेश हवा. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून तेथील कुटुंबांना माहुलच्या वसाहतीत पाठवले गेले, तेव्हा त्यांना पक्के घर मिळाले, परंतु शेजारी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने, कामाच्या जागेपासूनचे अंतर, वाढलेला प्रवासखर्च आणि दवाखान्याची फरपट हेही मिळाले. तेथील रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना तेथे राहण्यास भाग न पाडता पर्यायी घर किंवा भाडे देण्यास सांगितले. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने घर कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे की दोन बस आणि एक लोकल बदलून, यावर तिची मिळकत अवलंबून असते, त्यामुळे भाडे, देखभाल आणि प्रवास यांची बेरीज हाच तिच्या बाबतीत परवडण्याचा खरा मापदंड ठरतो. असे मापदंड मंत्रालयात बसून काढता येत नाहीत. ते त्या स्त्रीला मंडळावर घेऊनच काढता येतात.

मंडळावर कोण असावे, या प्रश्नाचे उत्तर येथूनच निघते. लीव्ह अँड लायसन्सवर दर अकरा महिन्यांनी घर बदलणारे भाडेकरू, पागडीच्या जुन्या घरांत व उपकरप्राप्त इमारतींत राहणारे, म्हणजे ज्यांच्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे दुरुस्ती मंडळ उपकरातून करते असे रहिवासी, परिशिष्ट दोनमध्ये अपात्र ठरलेले, सफाई कामगार, घरकामगार, आणि त्यांच्याबरोबर सहकारी गृहनिर्माण संस्थांचे प्रतिनिधी, अशी रचना असावी. यात धोका आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. १९९७ च्या सुमारास सुरू झालेल्या, परिसराची देखभाल नागरिकांनी करण्याच्या उपक्रमात चांगले काम झाले. पण अशा उपक्रमांत वेळ आणि बोलण्याची सवय असलेल्या घरमालकांचाच आवाज बहुधा वर राहतो, आणि घरमालकाच्या दृष्टीने शेजारी गरिबांसाठी इमारत येणे ही नेहमीच आनंदाची गोष्ट नसते. म्हणून निम्म्याहून अधिक सदस्य स्वतःच्या मालकीचे घर नसलेले असावेत आणि त्यांपैकी काही इच्छुकांच्या यादीतून सोडतीने निवडावेत. आयर्लंडमध्ये २०१६ च्या नागरिक सभेचे सदस्य अशाच यादृच्छिक पद्धतीने निवडले गेले होते, आणि मुंबईकराचा तर म्हाडामुळे सोडतीवर परिचयाचा विश्वास आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवसायात हितसंबंध असलेल्यांनी ते लेखी जाहीर करावेत, आणि संबंधित विषयावर मत देऊ नये. बैठका कामाच्या वेळेनंतर किंवा रविवारी व्हाव्यात आणि रोजंदारीवरील सदस्यांना भत्ता मिळावा. ही बाब किरकोळ वाटते, पण गरीब सदस्य मंडळात टिकतो की तिसऱ्या बैठकीपासून येणे बंद करतो, हे तिच्यावरच ठरते.

मंडळाला अधिकार किती असावेत, यावर कार्यकर्त्यांत दीर्घ मतभेद आहेत. काहींना निर्णयाधिकार हवा आहे, काहींच्या मते सल्ला पुरेसा आहे. अनुभव पाहता सर्वांत आवश्यक गोष्ट मधली आहे: सल्ला नाकारायचा असेल तर कारण लेखी आणि ठरावीक मुदतीत द्यावे, आणि ते इतिवृत्तासह प्रसिद्ध करावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहेच. मंडळ हे कर्तव्य घरांच्या बाबतीत सवयीचे करून देईल. कारण लेखी द्यायचे म्हटले की ते शोधावे लागते, आणि शोधताना अनेकदा मूळ निर्णयच बदलतो. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासात हे घडलेले दिसते: सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालील निर्देशांनी विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकाच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण यांसारख्या अटी घातल्या, आणि पूर्वी दोन-तीन पदाधिकाऱ्यांच्या हातात असलेला निर्णय सभासदांसमोर मांडावा लागू लागला. पद्धतीची शिस्त सामान्य सभासदाला बळ देते.

गोव्याचा अनुभव याच निष्कर्षाला बळकटी देतो. डिसेंबर २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या गोवा बचाव अभियानाच्या रेट्यामुळे जानेवारी २००७ मध्ये तेथील प्रादेशिक आराखडा २०११ मागे घेतला गेला, आणि पुढच्या, २०२१ च्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरियांसारख्यांच्या सहभागाने कृती गट नेमला गेला, ज्याने मसुद्याचे नकाशे गावागावांत पाठवले. ग्रामपंचायतींच्या पातळीवर समित्यांनी ते नकाशे वाचले, आपली शेते, डोंगर आणि वस्त्या ओळखून त्यावर सूचना केल्या. सामान्य माणसाला नकाशा कळत नाही, या समजाला तेथे ठोस उत्तर मिळाले. सूचनांचे पुढे काय झाले याबद्दल गावांत नाराजी राहिली, आणि ती नाराजीही उत्तर देण्याच्या बंधनाचीच गरज अधोरेखित करते.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. ती घरे कोठे, कोणासाठी आणि कोणत्या हप्त्यात, हे तपासणारी लोकांची संस्था उद्दिष्टाच्या शेवटी नव्हे, तर आत्ताच हवी. नागरिक सल्लागार मंडळ नेमायला नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागत नाही. महापालिकेचा एक ठराव, बैठकीला एक दालन, आकडे पुरवणारा एक अधिकारी आणि उत्तर देण्याची लेखी हमी यांवर ते उभे राहू शकते. ज्या प्रभागात भाडेकरू, पागडीदार आणि वस्तीतील रहिवासी यांच्या समित्या आहेत, त्यांनी या ठरावाची मागणी आपल्या नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे लेखी करावी, आणि तिची पोचपावती जपून ठेवावी.